टेरेसवरचा भात, करपा आणि 'बा' नावाची ट्रीटमेंट

ही गोष्ट आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका एम.एस्सी. प्रोजेक्टची आहे. पोरीचं नाव, कॉलेज, गाव सगळं गाळलंय, बाकी जसं झालं तसंच लिहितोय. मी गाइड होतो, म्हणजे चुकांमधला अर्धा वाटा माझा धरा.

आधी थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात बॉटनीचा प्रोजेक्ट म्हटलं की डाळिंबावरचा तेल्या रोग नाहीतर द्राक्षावरचा डाऊनी रोग, दरवर्षी हेच. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, नान्नजकडं द्राक्षाच्या बागा आहेत, मटेरियल हाताशी असतं, पोरं पटकन मोकळी होतात. ही पोरगी मात्र म्हणाली सर मला भात करायचाय. मी म्हटलं अगं सोलापुरात भात? इथं ज्वारी, तूर, ऊस सोडून बोल. तर तिचे मामा मावळातले, आंबेमोहर लावतात, आणि एका वर्षी ऐन लोंबी बाहेर पडताना मानमोडी आली आणि अर्धं खाचर पळंज झालं. दिवाळीच्या सुट्टीत हिनं ते डोळ्यांनी बघितलेलं. मानमोडी म्हणजे करप्याचाच प्रकार, पानावरचा करपा लोंबीच्या मानेवर गेला की दाणा भरायचा रस्ताच बंद.

करपा ज्या बुरशीनं होतो ती मॅग्नापोर्थे ओरायझी. दवाच्या थेंबात तिचा बीजाणू पानावर चिकटतो, रुजतो आणि टोकाला एक काळी घुमटासारखी पेशी तयार करतो, तिच्या आत दाब किती तर ८० बारपर्यंत! आपल्या कारच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, म्हणजे जवळजवळ पस्तीस पट. त्या दाबानं खिळा ठोकल्यासारखी ती पानाच्या सालीतून आत घुसते. भाताचं झाडही गप्प बसत नाही, घुसखोरी कळली की आतल्या आत निरोप फिरवतं, आणि ते निरोप म्हणजे हॉर्मोन. सॅलिसिलिक अ‍ॅसिड, जास्मोनिक अ‍ॅसिड, इथिलीन हे मोठे तीन, शिवाय जिबरेलिन, अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड, ऑक्सिन, सायटोकायनिन पण मधे लुडबुड करतात.

हिनं कुठंतरी वाचलं की १९७९ साली तंबाखूच्या पानांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर मोझॅक व्हायरसला पान जास्त तोंड देतं असं दिसलं होतं. अ‍ॅस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिडचाच भाऊ. मग हिचा सरळ हिशोब, भातावर सॅलिसिलिक फवारायचं, करपा कमी येतो का बघायचं, झाला प्रोजेक्ट. मलाही तेव्हा हे एवढंच सोपं वाटलं होतं.

अडचण कुठून सुरू झाली

जागा म्हणजे तिच्या घरचं टेरेस, जुळे सोलापूरकडं. जूनअखेर रंगाचे ३६ रिकामे डबे, वडिलांच्या रानातली काळी माती, मामांनी पाठवलेलं आंबेमोहरचं बी. आंबेमोहर मुद्दाम घेतला कारण तो करप्याला लवकर बळी पडतो, रोगच आला नाही तर तुलना कसली करणार.

पहिला प्रश्न पाण्याचा. आमच्याकडं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी, मधे बोअर, आणि बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतो. जुलैत रोपं पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. मी नायट्रोजन कमी पडला म्हणून मोकळा झालो. तिचे वडील द्राक्षवाले, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले सर हे लोह कमी पडलंय, चुनखडीच्या मातीत असंच होतंय, हिराकस मारा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, तो मारला, आठवड्यात नवीन पानं हिरवी आली. (इथून पुढं मी त्यांना 'मालक' म्हणत गेलो, ते मला सर म्हणत राहिले.)

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सॅलिसिलिकची पहिली फवारणी केली. १ मिलिमोलर म्हणजे लिटरला १३८ मिलिग्रॅम, हिशोब बरोबर होता, गडबड विरघळवण्यात झाली. सॅलिसिलिक अ‍ॅसिड गार पाण्यात पटकन विरघळत नाही, हिनं पावडर थेट पाण्यात टाकून हलवली, वर पाणी स्वच्छ दिसलं म्हणून फवारायला घेतली आणि बारीक खडे तळाशी तसेच. नळी तळातून पाणी ओढते, मग कुठल्या डब्याला किती डोस गेला याचा काही पत्ताच नाही. दोन दिवसांत काही डब्यांची पानं टोकाकडून भाजल्यासारखी झाली, बाकीच्यांना काही नाही. त्यात पीएच आम्ही बघितलाच नव्हता, डिस्टिल्ड पाण्यात या द्रावणाचा पीएच तीनच्या थोडाच वर असतो, म्हणजे पानावर जवळपास लिंबाचं पाणी मारल्यासारखं, ते पण दुपारी एक वाजता.

मालकांना कळल्यावर ते हसले. (ते ज्याला जीए म्हणतात ते जिबरेलिनच, द्राक्षाचे घड त्यात बुडवतात.) म्हणाले, "सर, आम्ही जीए कसं करतो? आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतो, मग पाण्यात सोडतो, मग पीएच बघतो, मग मारतो, ते पण ऊन उतरल्यावर. तुम्ही लोकं शिकवताय ना हे?" काय बोलणार. पंचवीस वर्षं घड डिपिंग करणाऱ्या माणसाला जे हातात बसलंय ते आमच्या मेथड चॅप्टरमध्ये एका ओळीत असतं आणि ती ओळ आम्ही वाचत नाही.

ठिपके आले, पण कुणाचे?

त्याच आठवड्यात पानांवर ठिपके दिसले. पोरगी खूश, मी खूश. बुरशी न आणताच करपा आला म्हणजे आपोआप इन्फेक्शन, फोटो काढून डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकले, दोन-चार अंगठे पण आले.

तिनं तेच फोटो मामांना पाठवले. मामांचा पाच मिनिटांत फोन, "अगं हा करपा न्हवं. करप्याचा ठिपका डोळ्यासारखा असतो, दोन्हीकडं निमुळता, मधे राखाडी. हे तर तीळ सांडल्यासारखं दिसतंय." मी लगेच मानलं नाही, फोटोवरून काय कळतंय म्हणून. सोमवारी लॅबमध्ये पान ओल्या टीपकागदावर ठेवलं, दोन दिवसांनी सुईनं खरवडून स्लाइड केली. करप्याचा बीजाणू नाशपातीसारखा असतो, आत दोन पडदे, तीन खोल्या, रंग जवळपास नाहीच. आम्हाला दिसले ते लांब, तपकिरी, किंचित वाकलेले, आत सात-आठ पडदे, आळीसारखे. बायपोलॅरिस ओरायझी, म्हणजे तपकिरी ठिपका. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधी तिकडच्या भातावर जो रोग पडला होता तो हाच. हा बियातून येतो, आणि झाड पाण्याच्या ताणात असलं, पोटॅश-बिटॅश कमी असलं की जोर करतो. आमच्या टेरेसवर दोन्ही होतं.

आता हे फक्त नाव चुकलं असं नाही, पूर्ण प्रोजेक्टचा पायाच इथं हलतो. करप्याची बुरशी सुरुवातीचे दोन-तीन दिवस जिवंत पेशीत राहून खाते, नंतर मारते. तपकिरी ठिपक्याची बुरशी जवळपास पहिल्यापासूनच पेशी मारून खाते. आणि भाताला या दोघींशी एकाच हॉर्मोननं लढता येत नाही. अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड घ्या, पाणी कमी पडलं की झाड हेच बनवतं. बाहेरून हे दिलं तर करपा वाढतो, कारण ते सॅलिसिलिकची यंत्रणा दाबतं. पण हेच अ‍ॅब्सिसिक दिल्यावर तपकिरी ठिपका मात्र कमी होतो असं प्रयोगांत दिसलंय, कारण तिथं ते इथिलीनला आवरतं आणि ती बुरशी झाडाच्या इथिलीनचाच फायदा उचलत असते. उलट करप्याच्या बाबतीत इथिलीन झाडाच्या बाजूनं लढतं. म्हणजे एकीच्या वेळी जो आपला, तोच दुसरीच्या वेळी घरभेदी.

मग शेतात पाण्याच्या ताणात तपकिरी ठिपका का वाढतो, अ‍ॅब्सिसिक वाढलं तर कमी व्हायला पाहिजे ना, हे पोरीनं मला विचारलं. चांगला प्रश्न होता. ताणात फक्त एक हॉर्मोन वाढत नाही, मुळांची अन्न उचलायची ताकदही जाते, पोटॅश आणि सिलिका कमी पोचते, साल कच्ची राहते, असं सगळं एकदम होतं. बाटलीतनं एक हॉर्मोन देणं आणि झाड चार दिवस तहानेलं ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग तीन वाटा

ऑगस्टच्या मध्याला आम्ही बसलो. समोर तीन पर्याय.

पहिला, सोडून द्यायचं, डाळिंबावर जायचं. माझं मन तिकडंच होतं, खरं सांगतो. दुसरा, आलाच आहे तर तपकिरी ठिपक्यावरच प्रोजेक्ट करायचा. हा तसा वाईट नव्हता पण सगळ्या डब्यांत रोग कमी-जास्त आधीच पसरलेला, त्यातनं ट्रीटमेंटचा परिणाम वेगळा काढणं म्हणजे वरणातनं मीठ काढायचं. तिसरा, नवीन पेरणी करायची आणि करप्याची बुरशी बाहेरून आणायची.

तिसऱ्यात एक भीती होती ती म्हणजे रोग सोलापुरात आणणं. इथं भात नाही म्हणून चालतंय असं काहीजण म्हणाले, मला तो युक्तिवाद पटत नाही, नाही म्हणून आणायचा का? शेवटी ठरलं की आणायची पण टेरेसवर नाही, कॉलेजच्या मागच्या बंद खोलीत, आणि प्रयोग संपला की माती, रोपं, ट्रे सगळं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक. ते शेवटपर्यंत पाळलं.

वेळ वाचवायला अजून एक गोष्ट ठरवली, ती म्हणजे रोपं लहान असतानाच, तीन आठवड्यांची चार पानांची झाली की लागण करायची. करप्याची चाचणी अशीच करतात, ट्रेमध्ये मावते, महिन्यात निकाल. हा निर्णय मी घेतला, तेव्हा एकदम शहाणपणाचा वाटला होता, पुढं येतोच त्यावर.

मालकांची फवारणी

हे सगळं चाललेलं असताना टेरेसवरचे जुने डबे तसेच होते. पोरगी आठ दिवस परीक्षेच्या गडबडीत खाली उतरलीच नाही, म्हणजे वर चढलीच नाही. नवव्या दिवशी गेली तर भिंतीकडची सहा डब्यांची ओळ बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच! पानं लांब, फिकी, पेरं ताणलेली, वाऱ्यानं डुलतायत. मला व्हिडिओ कॉल, "सर हे काय झालं बघा."

मागून मालकांचा आवाज, "मी मारलंय की ओ ते. लई खुरटलीत की रोपं, मला बघवंना. मागच्या साली उरलेलं जीए होतं, थोडं दिलं टॉनिक म्हणून."

मला आधी राग आला, मग हसू, आणि मग एकदम सुचलं की अरे जिबरेलिनचा शोधच भातावरच्या बुरशीतून लागलाय. जपानमध्ये एक रोग होता, रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि मरायची, बाकानाए म्हणायचे, म्हणजे साधारण 'खुळं रोपटं'. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवलं की बुरशी वाढवलेल्या नुसत्या पाण्यानंही, बुरशी गाळून काढून टाकली तरी, रोपं उंच होतात. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. म्हणजे ज्या जीएवर आमच्याकडचे द्राक्षाचे मणी फुगतात ते मूळचं भाताला खुळं करणाऱ्या बुरशीचं हत्यार. हे मी मालकांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही बुरशीचं औषध घडाला लावतोय व्हय?" आता तसं नाही, झाडही स्वतःचं जिबरेलिन बनवतंच, पण गंमत कळली त्यांना.

आता निर्णयाचा प्रश्न. ही ओळ फेकायची का? रीतीनं बघितलं तर फेकायलाच पाहिजे, डोस किती माहीत नाही, डबे एकाच भिंतीकडचे, रॅंडम काहीच नाही. पण त्या ओळीत तपकिरी ठिपका काय करतोय हे बघायला काय हरकत? आम्ही ठरवलं की आकडेवारीत घ्यायचं नाही, निरीक्षण म्हणून वेगळं लिहायचं, आणि नव्या पेरणीत जीए एक रीतसर ट्रीटमेंट म्हणून घालायची, मोजलेल्या डोसनं. पोरीनं वहीत त्या ओळीवर 'बा' लिहिलं. बाबा मधला बा.

केलं काय

ऑगस्टअखेर ट्रेमध्ये पेरणी झाली. मामांनी खाचरातली करप्याची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून वाळवून दिली, ती पुण्यापर्यंत त्यांच्या पोरानं आणली आणि तिथनं हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूर. पानांवरून ओटमील अगर नावाच्या लॅबमधल्या खाद्यावर बुरशी वाढवली, या वेळी स्लाइडवर नाशपाती दिसली तेव्हा पोरगी लॅबमध्ये ओरडलीच.

ट्रीटमेंट अशा होत्या: नुसतं पाणी, पाण्यात थोडं अल्कोहोल, सॅलिसिलिक लागणीच्या दोन दिवस आधी, सॅलिसिलिक लागणीनंतर एक दिवसानं, आणि जीए लागणीआधी. अल्कोहोलची वेगळी ट्रीटमेंट कशाला असं बऱ्याच जणांनी विचारलं. सॅलिसिलिक आणि जीए आम्ही आता अल्कोहोलमध्ये विरघळवत होतो, मग फरक दिसला तर तो औषधाचा का अल्कोहोलचा हे कसं कळणार? ऑगस्टमधल्या पहिल्या प्रयत्नात हे डोक्यातच नव्हतं. पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं साडेसहावर आणला, फवारणी संध्याकाळी.

लागण केल्यावर रात्रभर पान ओलं राहायला पाहिजे, हवेत दमटपणा नव्वदच्या वर. ग्रोथ चेंबर आमच्याकडं नाही. सप्टेंबर होता म्हणून वाचलो, आमच्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतो, रात्री बऱ्यापैकी गार असतात, तरी खोलीतला दमटपणा काही साठीच्या वर जाईना. मग पीव्हीसी पाइपची चौकट केली, वर प्लॅस्टिक, आणि आत चारी बाजूंनी जुन्या सोलापुरी चादरी पिळून न काढता ओल्याच लटकवल्या. ती चादर एकदा भिजली की किती पाणी धरते हे इथल्या प्रत्येक बाईला माहितीये, वाळायला दोन दिवस. सकाळी प्लॅस्टिक उघडलं तर आतून वाफेसारखं धुकं, पानाच्या प्रत्येक टोकावर एक थेंब, आणि कुबट ओल्या सुताचा वास. आर्द्रता मोजायचं यंत्र ९५ दाखवत होतं. एवढा स्वस्त ह्युमिडिटी चेंबर मी आयुष्यात बघितला नाही.

निघालं काय

सहाव्या दिवशी ठिपके, या वेळी डोळ्यासारखेच.

जीएच्या ट्रेमध्ये सगळ्यात जास्त, मोठे, एकमेकांत मिसळलेले. दुसऱ्यांदा केलं तरी तेच. हे बाकी जगात जे माहीत आहे त्याला धरूनच होतं, भाताच्या ज्या म्युटंटला, म्हणजे जीन बिघडलेल्या रोपाला, जिबरेलिन ओळखताच येत नाही तो करप्याला जास्त दाद देत नाही, आणि ज्याच्यात जिबरेलिन निकामी करणारं एन्झाइम बिघडलेलं असतं तो जास्त बळी पडतो. वाढ आणि बचाव एकाच गल्ल्यातनं पैसे काढतात, जीए दिलं की झाड सगळे पैसे उंचीत घालतं.

लागणीनंतर दिलेलं सॅलिसिलिक म्हणजे शून्य, कंट्रोलसारखंच, म्हणजे औषध न दिलेल्या ट्रेसारखंच. हे पण समजण्यासारखं, सॅलिसिलिक बुरशीला मारत नाही, ते झाडाला जागं करतं, चोर घरात घुसल्यावर जागं करून काय होणार.

खरा मुखभंग झाला तो दोन दिवस आधी दिलेल्या सॅलिसिलिकचा. थोडा फरक, एका वेळी बरा, दुसऱ्या वेळी जवळपास नाहीच. आणि इथं मी एक वाईट गोष्ट सुचवली. म्हटलं दुसऱ्या वेळी चादरी नीट भिजल्या नव्हत्या, ती बॅच वगळू, पहिलीच दाखवू. पोरगी म्हणाली, "सर, मग जीएची पण दुसरी बॅच वगळायची का? ती पण त्याच चादरीत होती." गप्प बसलो. दोन्ही बॅच तशाच्या तशा छापल्या.

मग हे असं का याचा शोध घेताना खरा अभ्यास झाला, जो आधी व्हायला पाहिजे होता. तंबाखूच्या पानात सॅलिसिलिक एरवी नगण्य असतं, रोग आला की वाढतं, म्हणून बाहेरून दिलं की मोठा धक्का बसतो. भाताच्या पानात ते आधीपासूनच त्याच्या कितीतरी पट जास्त साठलेलं असतं, रोग नसतानाही. भरलेल्या हौदात तांब्याभर पाणी ओतल्यासारखं. भातात सॅलिसिलिक कामाचं नाही असं नाही, पण खरा खेळ ते पुढं कोण ऐकतं याचा आहे, जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की डब्ल्यूआरकेवाय ४५ नावाचं एक जीन जास्त चालू ठेवलं की भात करप्याला चांगलाच तोंड देतो. त्याच देशात प्रोबेनॅझोल नावाचं औषध १९७० च्या दशकापासून करप्यासाठी वापरतात, ते पण झाडाच्या या यंत्रणेलाच चेतवतं.

आणि त्या प्रोबेनॅझोलच्याच एका अभ्यासात जे निघालं ते वाचून मी डोक्याला हात लावला. आठ पानांच्या मोठ्या रोपांत ते दिल्यावर सॅलिसिलिक वाढतं आणि करपा अडतो, चार पानांच्या लहान रोपांत तसं होत नाही. आम्ही किती पानांची रोपं घेतली होती? चार. वेळ वाचवायला. माझा निर्णय.

'बा' ओळीचं सांगायचं राहिलं. तिथं तपकिरी ठिपका बाकी डब्यांइतकाच होता, ना जास्त ना कमी. करप्यात जीएनं एवढं नुकसान केलं आणि तपकिरी ठिपक्यात नाही. यावरनं काही सिद्ध होत नाही, सहा डबे, एक भिंत. पण पोरीनं डिस्कशनमध्ये यावर एक परिच्छेद लिहिला तो पूर्ण प्रोजेक्टमधला मला सगळ्यात आवडलेला परिच्छेद आहे.

परत करायचं झालं तर

रोपं मोठी घेईन, आठ पानांची, भले ट्रेऐवजी डबे लागोत आणि एक सेमिस्टर जास्त जावो. बी आधी मिठाच्या पाण्यात घालून पोचट काढीन आणि बीजप्रक्रिया करीन, म्हणजे तपकिरी ठिपका पाहुण्यासारखा आत येणार नाही. पाण्याचा ताण एक वेगळी ट्रीटमेंट म्हणून घालीन, नकळत होऊ देणार नाही, कारण आमच्या चार दिवसांच्या नळाच्या पाण्यानं अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिडचा प्रयोग आमच्या नकळत चालूच होता. ठिपका दिसला की ग्रुपवर टाकायच्या आधी स्लाइड करीन. आणि प्रश्नच बदलीन. आम्ही विचारत होतो कुठलं हॉर्मोन चांगलं, विचारायला पाहिजे होतं कुठलं, कुठल्या बुरशीसमोर, झाडाच्या कुठल्या वयात आणि लागणीच्या किती आधी.

एक गोष्ट मात्र परत तशीच करीन, ती म्हणजे मालकांना टेरेसवर मोकळं सोडणं.

डिसेंबरात मामांचा फोन आला होता, त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं की डोकेदुखीच्या गोळ्या पाण्यात घालून भातावर मारतात, मारू का? पोरीनं सांगितलं मामा नको, गोळ्यांचे पैसे वाचवा, युरिया एकदम टाकता तो तीन हप्त्यात टाका, करपा आलेल्या खाचरातलं बी पुढच्या वर्षी वापरू नका, आणि खाचर मधेच कोरडं पडू देऊ नका. मामा म्हणाले हे तर कृषी सहायक पण सांगतो, तू दोन वर्षं काय शिकलीस मग?

व्हायव्हाला बाहेरचे एक्स्टर्नल आले होते, कडक माणूस. अर्धा तास सॅलिसिलिकवर घासला, पोरगी टिकली. शेवटी परिशिष्टातली वहीची झेरॉक्स बघत त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाकी ट्रीटमेंट कळल्या मला. ही 'बा' काय आहे?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं. मग ती म्हणाली, "सर, अनकंट्रोल्ड व्हेरिएबल. खाली पार्किंगमध्ये थांबलेत, बोलवू का?"